पिवळ्या ज्योतीची साक्ष

"मीठ खाता?" दंडावरचा पट्टा सोडत डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," सर म्हणाले.

"अजिबात?"

"अजिबात."

डॉक्टरांनी यंत्राकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, आणि शेवटी सरांच्या बायकोकडे. यंत्र एक सांगत होतं, सर दुसरंच सांगत होते, आणि बायको कोपऱ्यातल्या खुर्चीत पर्स मांडीवर धरून दोघांची साक्ष ऐकत होती.

"मी तर चिमूटभरसुद्धा घालत नाही हो," ती म्हणाली. "घरातून मीठ हद्दपार केलंय. एवढंच काय, ह्यांना एकट्याला वाईट वाटू नये म्हणून मीसुद्धा अळणीच जेवते. तरी ह्यांचं बीपी आपलं जिथल्या तिथे!"

"मग कुठून तरी जातंय," डॉक्टर म्हणाले. "सर, तुम्ही चपला घाला. वहिनी, तुम्ही जरा थांबा."

सर बाहेर आले, पण चपला घालायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला. पडद्याच्या फटीतून एवढंच दिसलं की डॉक्टर हळू आवाजात काही सांगताहेत आणि बायको मान डोलावते आहे. ही मान सरांच्या ओळखीची होती. लग्न झाल्यापासून ती मान ज्या ज्या वेळी अशी डोलली होती, त्या त्या वेळी सरांचं काही ना काही बंद झालं होतं.

"काय म्हणाले डॉक्टर?" रस्त्यात त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"एवढा वेळ काही नाही?"

"हो. काही नाही सांगायलाही वेळ लागतो कधी कधी."

सरांना संशय आला. यात नवल नव्हतं, कारण संशय येणं हा सरांचा धर्म होता. देवाने माणसाला विश्वास जन्मतःच देऊन ठेवला आहे, तान्हं मूलसुद्धा तो घेऊनच येतं. संशय मात्र ज्याचा त्याला कमवावा लागतो. सरांनी तो कमवला होता, वाढवला होता आणि शाळेत रसायनशास्त्र शिकवता शिकवता पिढ्यान् पिढ्यांना वाटला होता. "खात्री केलीस?" हा त्यांचा प्रश्न. नळीच्या तळाशी पांढरा साका बसला म्हणून नाचू नकोस, खात्री केलीस? वास आला म्हणतोस, खात्री केलीस? घंटा झाली असं कुणी सांगितलं तरी सर आधी स्वतःचं घड्याळ बघत, मग भिंतीवरचं बघत, आणि मग शिपायाकडे असं बघत की त्या बिचाऱ्याला आपण खरंच घंटा दिली का, याची शंका येई. सगळी शाळा त्यांना 'खात्री सर' म्हणायची, आणि हे नाव आपलंच आहे याचीही त्यांनी एकदा दोघांतिघांना विचारून खात्री करून घेतली होती.

अशा माणसाच्या पांढऱ्या कोटाच्या आतल्या खिशात एक छोटी बाटली असे. त्या बाटलीत मीठ असे. साधं, स्वयंपाकाचं.

आता सर खोटं बोलले का? त्यांच्या मते नाही. घरी ते खात नव्हते. शाळेत मधल्या सुट्टीत कपाटाच्या आड उभं राहून ते फक्त काकडी खात. बायकोच देई डब्यात, डॉक्टरांनीच सांगितली होती. काकडी म्हणजे औषध, आणि औषध घशाखाली उतरायला काही तरी बरोबर लागतंच. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या सरांनी ह्या एका विधानाची खात्री मात्र कधी केली नव्हती.

इकडे प्रात्यक्षिक परीक्षा आली होती, आणि सरांच्या मनात गेल्या वर्षीपासून एक काटा सलत होता. गेल्या वर्षी सगळ्या मुलांनी अज्ञात क्षार बरोबर ओळखला होता. सगळ्यांनी! परीक्षानळी उलटी धरणाऱ्यानेसुद्धा. बाहेरून आलेले परीक्षक "अभिनंदन" म्हणून गेले आणि सरांची झोप उडाली. ही पोरं एवढी हुशार? शक्यच नाही, ह्यांना तर आपणच शिकवलंय. म्हणजे क्षार आधी फुटले. आणि क्षारांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे? मामांकडे.

मामा हे प्रयोगशाळेचे परिचर. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, खांद्यावर फडकं, आणि पुष्कळ वर्षांचा आम्लाच्या वासाने बसलेला आवाज. मुलांना बर्नर पेटवून द्यायचे, नळ्या धुवायच्या, भाजलं तर बोट पाण्याखाली धरायचं, ही त्यांची कामं. त्यांच्याविरुद्ध पुरावा काय? तर गेल्या वर्षी परीक्षा चालू असताना ते हसत होते.

"परीक्षेत माणूस हसतो कशाला?" सरांनी स्वतःलाच विचारलं, आणि उत्तर काही चांगलं आलं नाही.

म्हणून या वर्षी त्यांनी कुणाला न सांगता पाच क्षार घरी आणले. सगळे पांढरे, दाणेदार, चेहऱ्याने एकमेकांचे भाऊ शोभतील असे. घरी कुणी नाही असं बघून त्यांनी पाच पुड्या बांधल्या आणि वर फक्त आकडे घातले. कोणत्या पुडीत काय, हे कुठेही लिहिलं नाही. ते त्यांच्या डोक्यात. पुड्या त्यांनी पुस्तकांच्या फळीवर जाड ग्रंथांच्या मागे लपवल्या. तेवढ्यावर भागलं नाही. बायकोच्या शिवणाच्या डब्यातला एक निळा धागा काढून त्यांनी तो पुड्यांवर आडवा टाकला. कुणी हात लावला की धागा हलणार, धागा हलला की सरांना कळणार.

तेवढ्यात दारात बायको उभी. हातात भाजीची पिशवी.

"काय चाललंय?"

"पुस्तकं लावतोय."

"तुम्ही?"

"हो."

"आपण होऊन?"

"का? माझी पुस्तकं आहेत."

"लावा, लावा," ती म्हणाली आणि मान डोलावत स्वयंपाकघरात गेली.

सरांनी ती मान पाहिली असती तर पुढचं रामायण टळलं असतं. पण ते धागा सरळ पडला आहे की नाही, हे बघण्यात गुंतले होते.

परीक्षेच्या सकाळी त्यांनी ग्रंथ बाजूला केले. पुड्या जागच्या जागी आणि धागाही जागच्या जागी. सरांनी चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं, आणि समाधानाने पुड्या पिशवीत ठेवल्या.

बायको दारापर्यंत आली. हे रोजचं नव्हतं.

"सगळं घेतलंत ना?"

"घेतलं."

"काही कमी-जास्त वाटत नाही ना?"

"कशात?"

"नाही, सहज विचारलं. डब्यात काकडी आहे. आहे तशीच खा हं. गोड लागते." आणि ती हसली.

आजकाल जो तो हसतोय, असं मनाशी म्हणत सर शाळेत गेले.

बाहेरून आलेल्या परीक्षकबाई अंगाने स्थूल आणि स्वभावाने शांत होत्या. त्या खुर्चीत बसल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे मिटले. झोपल्या असं वाटायचं, पण मागच्या टेबलावर कुणी कुजबुजलं की डोळे न उघडताच म्हणायच्या, "ज्याचं त्याने करायचं, बाळांनो."

सरांनी स्वतःच्या हाताने प्रत्येक टेबलावर एकेक पुडी वाटून दिली. मामांना दारापाशी, लांब, भिंतीला पाठ लावून उभं केलं.

"मामा, तुम्ही आज फक्त उभं राहायचं."

"बरं सर."

"आणि हसायचं नाही."

मामांना काही कळलं नाही, पण ते हसायचे थांबले.

बर्नर पेटले. नळ्या खुळखुळल्या. काळपट डाग पडलेल्या लाकडी टेबलांवरून आम्लाची आणि धुराची ती ओळखीची वाफ उठली. सर फेऱ्या मारू लागले. पहिल्या टेबलावर थांबले, कारण पहिल्या पुडीत नवसागर होता. तापवला की तो उडून जातो आणि नळीच्या वरच्या अंगाला पांढरं कडं धरतो. पण इथे मुलाच्या नळीत बारीक तडतड चालली होती, आणि कडंबिडं काही नव्हतं.

"नीट तापव," सर गुरगुरले.

"तापवलं सर. नुसतं तडतडतंय."

"मग तुझ्या तापवण्यात खोट आहे."

दुसऱ्या टेबलावर तडतड. तिसऱ्या टेबलावरही तीच. सरांनी खाली वाकून मुलांच्या तोंडाकडे बघितलं, कुणी ओठ हलवतंय का म्हणून. कुणी हलवत नव्हतं. पाचव्या टेबलावर बसली होती ती मुलगी, जिला अख्खा वर्ग 'शंकाबाई' म्हणायचा. वर्षभर तिने सरांना इतक्या शंका विचारल्या होत्या की सर तिला बघितलं की आपोआप घसा साफ करायचे. ती एकेक पायरी करत होती. अमुक घातलं, साका नाही. तमुक घातलं, साका नाही. दर वेळी ती कपाळाला आठी घालून दोनदा करायची.

मधली सुट्टी झाली. मुलं आपापलं मिश्रण झाकून बाहेर गेली. सर कपाटाच्या आड गेले. डबा उघडला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि खिशातली बाटली काढून काकडीवर अशी सढळ हाताने धरली की जणू पुन्हा मिळणारच नाही. मन अस्वस्थ असलं की माणूस जरा जास्तच घेतो. शेवटी बोटांना लागलेलं त्यांनी कोटाला पुसलं आणि ते परत आले.

आता उत्तरं ऐकायची होती.

"पुडी पहिली?"

"पोटॅशियम क्लोराइड, सर."

चूक. सरांनी ओठ आवळले. "पुडी दुसरी?"

"पोटॅशियम क्लोराइड."

हेही चूक. दुसऱ्या पुडीत झिंक सल्फेट होतं. "तिसरी?"

तिसऱ्या टेबलावरच्या मुलाने इकडे तिकडे बघितलं आणि घाबरत सांगितलं, "सर, माझंही तेच आलंय."

चौथीचंही तेच. पाचवी पुडी शंकाबाईची. ती उभी राहिली. "सर, पोटॅशियम क्लोराइड. पण मला एक शंका आहे."

"खाली बस!" सर गरजले. परीक्षकबाईंचे डोळे उघडले. "बाई, बघितलंत? पाच वेगळे क्षार, पाच वेगळ्या पुड्या, आणि उत्तर एक! तेसुद्धा चुकीचं! माझ्या पाचांत पोटॅशियम औषधालाही नाही. यापेक्षा उघड कॉपी मी जन्मात पाहिली नाही. रद्द करा परीक्षा. लिहा अहवाल. सगळी नापास!"

प्रात्यक्षिकात नापास म्हणजे वर्ष गेलं, हे मुलांना ठाऊक होतं. शंकाबाईला तर डॉक्टर व्हायचं होतं, आणि ते तिने घरी भांडून भांडून कबूल करून घेतलं होतं.

"सर, बसा," परीक्षकबाई म्हणाल्या. "कॉपी करणारी मुलं बरोबर उत्तराची कॉपी करतात. चुकीचं उत्तर कुणी चोरेल का?"

"सांगणाऱ्यानेच चुकीचं सांगितलं तर?" सरांनी दाराकडे वळून बोट रोखलं. "मामा! गेल्या वर्षी बरोबर सांगितलंत. या वर्षी पुड्या तुमच्या हाती लागल्या नाहीत, म्हणून अंदाजाने ठोकून दिलंत. खरं की नाही?"

"मी?" मामांचा बसलेला आवाज आणखी बसला. "सर, मला ही असली नावं सांगता आली असती तर मी इतकी वर्षं फडकं घेऊन दारात उभा राहिलो असतो का?"

कुणी तरी हसलं. मामा हसले नाहीत. त्यांनी कमरेचा जुडगा सोडला आणि परीक्षकबाईंच्या पुढे टेबलावर ठेवला. "एवढा संशय असेल तर किल्ल्या घ्या. मी घरी जातो."

जुडगा टेबलावर पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. सरांनाही तो कुठे तरी आत लागला, पण आता माघार कशी घेणार? "अहवाल लिहा बाई," ते म्हणाले.

परीक्षकबाईंनी पेनाचं टोपण काढलं, पेन कागदावर टेकवलं आणि त्या थांबल्या. "लिहिते. सहीही करते. फक्त एक विचारू? खात्री केलीत?"

आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न असा समोरून आला की कसा लागतो, हे सरांना तेव्हा कळलं. "आत्ता करतो," ते म्हणाले. "सगळ्यांच्या देखत."

त्यांनी शंकाबाईची पाचवी पुडी ओढून घेतली. "ह्यात मी स्वतः मॅग्नेशियम सल्फेट भरलंय. ज्योतीत त्याचा काही रंग येत नाही. बघा." त्यांनी प्लॅटिनमची तार घेतली, तिचा वेढा बोटांनी चेपून नीट केला, आम्लात बुडवली, पुडीतला कण उचलला आणि बर्नरच्या निळ्या ज्योतीत धरला.

ज्योत भडकून सोनेरी पिवळी झाली.

"सोडियम!" मागून कुणी तरी ओरडलं.

"हं!" सर म्हणाले. "म्हणजे पोटॅशियम नाहीच! मुलं खोटी पडली!"

"पण सर," शंकाबाई हळूच म्हणाली, "मॅग्नेशियमही नाही मग."

सरांनी पुडी उलटी करून वरचा आकडा पुन्हा वाचला.

"सर, माझी शंका हीच होती," आता ती थांबेना. "मी हात धुऊन, तार धुऊन दोनदा केलं, तर ज्योत जांभळट येते. तुम्हीच शिकवलंत, सोडियम एवढं आक्रस्ताळं आहे की बाकीच्यांना तोंड वर काढू देत नाही. मग निळ्या काचेतून बघायचं, ती पिवळा उजेड अडवते. मी बघू का?"

परवानगीची वाट न बघता तिने निळी काच डोळ्यापुढे धरली आणि सरांना पुन्हा करायला सांगितलं. सरांनी केलं. नुसत्या डोळ्यांनी ज्योत पिवळी, काचेतून जांभळी. परीक्षकबाईंनी काच घेतली, पाहिलं, आणि म्हणाल्या, "क्षार पोटॅशियमचा. मुलगी बरोबर आहे. मग हे पिवळं कुठून येतंय?"

"रसायनाच्या बाटलीत भेसळ असेल," सर म्हणाले.

"तसं असतं तर हिची ज्योतही पिवळी आली असती. सर, हात धुवा बरं."

सरांनी हात धुतले. नवी तार घेतली. ज्योत पिवळी झाली नाही; फिकट, लाजरी, जांभळट अशी एक झाक आली आणि गेली.

"आता कळलं," बाई म्हणाल्या. त्यांनी कोरी तार घेतली, आणि काही कळायच्या आत सरांच्या कोटावर, जिथे त्यांनी बोटं पुसली होती तिथे, घासून ज्योतीत धरली. दिवाळीतल्या फुलबाजीला लाजवील अशी पिवळी ज्योत उठली.

"घाम," सर म्हणाले. "घामानेसुद्धा येतं."

"एवढं पिवळं घामाने? घामाने येतं थोडं, सर. असं नाही येत."

सगळा वर्ग सरांच्या कोटाकडे बघत होता. सरांना वाटलं, पृथ्वी दुभंगावी आणि आपल्याला बाटलीसकट पोटात घ्यावं. पण मोठा प्रश्न अजून उभाच होता. पाच क्षारांचा एक क्षार झाला कसा?

"पुड्या कपाटात होत्या?" बाईंनी विचारलं.

"नाही. कपाटावर माझा विश्वास नव्हता."

"मग?"

"माझ्या घरी."

"घरी कोण असतं?"

"बायको," सर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांपुढून एक डोलणारी मान गेली. "पण धागा हलला नव्हता..."

"लावा फोन. सगळ्यांना ऐकू येईल असा लावा. इथल्या सगळ्यांवर तुम्ही आळ घेतलाय."

सरांनी फोन लावला आणि टेबलावर ठेवला.

"अगं, फळीवरच्या पुड्यांना तू हात—"

"सापडलात ना?" पलीकडून आवाज आला, एखादा गड सर झाल्यासारखा. "वाटच बघत होते. कुठल्या तोंडाने विचाराल म्हटलं! पुस्तकांच्या मागे मिठाच्या पुड्या! वर आकडे काय, म्हणजे रोजची एक की काय? आणि तो धागा! अहो, इतकी वर्षं तुमच्या संगतीत काढली, तुमचा धागा मला कळणार नाही? उचलला, पुड्यांतलं सगळं बदललं, आणि धागा होता तसा ठेवून दिला. डॉक्टरांनी मला हळूच ते बिनसोडियमचं, पोटॅशियमचं मीठ सांगितलं होतं. म्हटलं चोरून खायचंय ना, मग हे खा."

"अगं ते मीठ नव्हतं! परीक्षेचे क्षार होते! चाखून तरी बघायचंस!"

"मी कशाला चाखू? पांढरं, दाणेदार आणि लपवलेलं. मीठ नाही तर काय?"

"खात्री न करता?" सर विव्हळले.

"तुमच्या बाबतीत खात्री कसली करायची? सगळ्या पुड्या एका बरणीत ओतून ठेवल्यात. डॉक्टरांना दाखवणार आहे पुरावा म्हणून."

प्रयोगशाळेत हास्याचा असा फवारा उडाला की दोन बर्नर विझले. शंकाबाई डोळे पुसत होती. हसू कोणतं नि रडू कोणतं, तिचं तिलाही कळत नव्हतं. परीक्षकबाईंनी अहवालाचा कागद चार तुकडे करून सिंकखालच्या बादलीत टाकला आणि मुलांना म्हणाल्या, "बाळांनो, पुडीत जे होतं ते तुम्ही ओळखलंत. पुडीत काय असायला हवं होतं, हे तुम्हाला कुणी विचारलेलं नाही. पूर्ण गुण." मग सरांकडे वळून हलकेच म्हणाल्या, "आणि सर, गेल्या वर्षी सगळ्यांचं बरोबर आलं ना? तुम्ही चांगलं शिकवता म्हणून आलं असेल, असा संशय एकदाही नाही आला?"

सरांना तो खरोखर आला नव्हता. त्यांनी टेबलावरचा जुडगा उचलला, दारापाशी गेले आणि दोन्ही हातांनी मामांपुढे धरला.

"मामा, चुकलो. ठेवा तुमच्याकडेच."

"राहू द्या सर," मामा म्हणाले. मग जुडगा घेतला, कमरेला अडकवला, आणि जरा थांबून विचारलं, "आता हसलो तर चालेल ना?"

इतका वेळ फोन चालूच होता. "अहो, पण एक सांगा," त्यातून आवाज आला. "पुड्यांत मीठ नव्हतं, तर बीपी का उतरत नाही?"

सरांनी फोनवर झडप घातली, पण परीक्षकबाईंचा हात आधी पोचला. "वहिनी, ते मी सांगते," त्या प्रेमाने म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं. कोट सांगितला, काकडी सांगितली, ज्योतही सांगितली. "फार सोपं आहे हो. घरच्या गॅसवरसुद्धा होतं. स्वच्छ तार घ्यायची, ओली करून बोटांवर फिरवायची, आणि ज्योतीत धरायची. भडक पिवळी आली की समजायचं. फक्त आधी कोरी तार धरून बघायची, तिचाच रंग येत नाही ना म्हणून. हे तर तुमचे सरच शिकवतात."

संध्याकाळी सर घरी आले तेव्हा बाटली त्यांनी स्वतःच काढून ओट्यावर ठेवली. गॅस पेटलेला होता. बायको हातात तार घेऊन उभी होती.

"बोट द्या."

"अगं, बाटली दिली ना तुला."

"एक बाटली दिलीत. दुसरी नसेल कशावरून? बोट द्या. थांबा, आधी कोरी तार बघायची असते." तिने तार आपल्या बोटांनी नीट चिमटली, पाण्यात बुडवली आणि ज्योतीत धरली.

ज्योत भडकून सोनेरी पिवळी झाली.

दोघंही बघत राहिले. घरात मीठ नव्हतं, ते हद्दपार होतं. जेवण दोघांचंही अळणी होतं. सरांच्या बोटाने अजून तारेला स्पर्शही केला नव्हता. सरांची नजर ज्योतीवरून तिच्या बोटांवर गेली, आणि बोटांवरून तिच्या शिवणाच्या डब्यावर, जो स्वयंपाकघरात काय करत होता हे कुणालाच सांगता आलं नसतं. डब्याचं झाकण अर्धवट उघडं होतं आणि रिळांच्या मधून दुसऱ्याच एका छोट्या बाटलीचं बूच डोकावत होतं.

"अय्या," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "असं कसं झालं?"

सरांनी घसा साफ केला. तो प्रश्न ओठांवर आला होता. आयुष्यभराची सवय, ती का एका दिवसात जाते? त्यांनी तिच्याकडे पाहिलं. कुणाला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून आपण होऊन अळणी जेवायला बसलेली ही बाई. बसली होती, हे काय थोडं होतं?

त्यांनी हात पुढे केला, गॅस बंद केला आणि शिवणाच्या डब्याचं झाकण नीट लावून टाकलं.

"घाम असेल," ते म्हणाले. "घामानेसुद्धा येतं असं."

तिने त्यांच्याकडे मोठ्या संशयाने पाहिलं. "खात्री आहे?"

"खात्री आहे," सर म्हणाले, आणि जेवायला खुर्ची ओढून बसले. "वाढ. आहे तसंच वाढ."